मशीन सुरू होईपर्यंत

जुन्या कॉम्प्युटरला जादा मेमरी बसवावी की नाही, हा प्रश्न हल्ली मला बरेच लोक विचारतात. म्हणजे एकदा आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी विचारला होता आणि एकदा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी. (त्यांना खरं तर पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं. विषय मी वळवला.) दोघांनाही मी अगदी मुळापासून सांगायला सुरुवात केली आणि दोघांनाही मध्येच काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं. वाचणाऱ्याला निदान जिना उतरून पळता येत नाही.

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. तो हिचा. ही एका प्रकाशकासाठी शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. मजकूर एकीकडून येतो, चित्रं दुसरीकडून येतात, आणि बेडकाचं चित्र बेडकाच्याच धड्यात बसेल, ढगांच्या धड्यात उडी मारणार नाही, हे बघणं हिचं काम. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे, टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा आणि टेबलाखाली तो डबा. मी त्याला मशीन म्हणतो, कारण तो आवाज मशीनसारखाच करतो.

सकाळी ही मशीनचं बटण दाबते आणि स्वयंपाकघरात येते. बटण दाबलं की ते सुरू होतं असं नाही. आपल्याला कोणीतरी उठवलंय एवढंच त्याला कळतं. मग पडद्यावर एक चक्र फिरायला लागतं. ते फिरत असतं तोवर आम्ही दोघं चहा पितो. चहा संपतो, मग कपाच्या तळाशी उरलेला थेंबही संपतो, तरी चक्र फिरतच असतं, म्हणून ही आणखी थोडी बसते. दिवसभरात बायको माझ्यासमोर, हातात दुसरं काम नसताना, नुसती बसलेली असते ती एवढ्याच वेळात. एरवी मला तिची पाठच दिसते. तो वेळ मला फार आवडायचा. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. चहा आवडतो एवढं सांगितलं होतं.

त्या वेळात बोलायचं काम माझ्याकडे असे. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. बाहेरून आलेली पत्रं आत पाठवायची आणि आतली बाहेर. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या विभागात एक लोखंडी कपाट आहे आणि ते नेमकं दारात उभं आहे. ते कोणत्या विभागाचं, हे ठरलेलं नाही, त्यामुळे ते हलवायचं कोणी, हेही ठरलेलं नाही. आवक आणि जावक दोन्ही गेली कित्येक वर्षं कपाटाला वळसा घालून चालू आहेत. या कपाटाच्या भानगडीत रोज काही ना काही घडतं, आणि ते मी रोज सकाळी हिला सांगायचो. ती ऐकायची. मधून मधून "मग?" म्हणायची. आणखी काय पाहिजे माणसाला?

अशा सुखाच्या दिवसांत एका रविवारी हिचा धाकटा भाऊ आला. घरात आम्ही त्याला नवाकोरा म्हणतो (तो नसताना). कोणतीही वस्तू जुनी होईपर्यंत तो जवळ ठेवत नाही. फोन, गाडी, चष्मा, नोकरी, सगळं सतत ताजं. त्याने बहिणीला त्या फिरत्या चक्राकडे बघत बसलेलं पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला.

"ताई, हा डबा भंगारात दे," तो म्हणाला. "नवा घे. उद्या मीच घेऊन येतो."

ही म्हणाली, "बघू." हिचं 'बघू' मला ठाऊक आहे. ते होकाराच्या अलीकडचं स्टेशन आहे. आता या क्षणी शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण मेहुण्याने आपल्या घरातल्या वस्तूला भंगार म्हटलं की नवऱ्याला कुठेतरी टोचतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"नव्याची काही गरज नाही," मी म्हणालो. "मेमरी वाढवली की झालं. मी बसवतो."

मेमरी वाढवतात, हे मी ऑफिसात कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. कशाची, कशी, कुठून, हे ऐकायच्या आधी त्या माणसाला कपाटाला वळसा घालून जावं लागलं होतं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बसवणार?" त्यातला 'तुम्ही' त्याने जरा लांबवला. मग तर माघार घेणं शक्यच नव्हतं. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतोय, ज्या चक्राच्या जिवावर आपला चहा चाललाय तेच थांबवायला निघालोय, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला फक्त मेहुण्याचा चेहरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार एका उघड्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. मी मेमरी मागितली. कोणती, असं त्याने विचारलं. चांगली, म्हणालो. मशीन कोणतं आहे, असं त्याने विचारलं. या प्रश्नाची मी तयारी करून गेलो होतो. खिशातून चिठ्ठी काढून मी त्याला मशीनची उंची, रुंदी आणि खोली वाचून दाखवली. (सकाळी हिच्या शिवणाच्या टेपने मापं घेतली होती. मागची वायर धरून आणि न धरून, अशी दोन्ही.)

तो डोकं बाहेर काढून म्हणाला, "साहेब, त्याला पँट शिवायची नाहीये. आतली मेमरीची जुनी पट्टी काढून आणा, तशीच दुसरी देतो."

फरक पडेल ना, असं मी विचारलं. तेव्हा तो जे बोलला ते मी पुढे बऱ्याच वेळा आठवून पाहिलं आणि अजूनही ते हो होतं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही. मेमरी वाढवली तर बरंच असतं, तो म्हणाला. पण मशीन जुनं म्हटल्यावर किती बरं, ते मशीनवर आहे. काम करताना फरक पडतो, काहींना नाहीही पडत, काहींना नुसता वाटतो. मी त्यातलं 'फरक पडतो' तेवढं उचललं आणि बाकीचं त्याच्याच काउंटरवर ठेवून आलो.

घरी येऊन डब्याचं झाकण काढलं. आत धुळीची एवढी जाड गादी होती की मशीन रोज उठायला कुरकुर का करतं ते कळलं. त्या गादीत हात घालून मी पट्टी शोधली, ओढून काढली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि पुन्हा दुकानाकडे निघालो. हिला सांगायचं राहून गेलं. अर्ध्या वाटेत तिचा फोन आला.

"अहो, मशीन ओरडतंय. बटण दाबलं की नुसतं टूं टूं करतंय."

मी म्हणालो, "त्याची मेमरी माझ्या खिशात आहे."

मग तिने एवढंच विचारलं की आणखी काय काय खिशात घालून नेलंय.

पट्टी मिळाली. जुन्या पट्टीच्या शेजारी तशीच खाच होती, त्यात ती दाबून बसवायची, नीट बसली की टक असा आवाज येतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी टेबलाखाली पालथा होऊन दाबली. आवाज येईना. आणखी दाबली. फार दाबावं तर मोडायची भीती, कमी दाबावं तर मेहुण्याची. शेवटी सगळा जीव एकवटून दाबली तेव्हा टक असा स्पष्ट आवाज आला. तो माझ्या गुडघ्यातून आला होता. पट्टीचा आवाज त्यानंतर, मी कण्हत उठताना पट्टीवर हात टेकला तेव्हा आला.

हिने बटण दाबलं. मी मागे उभा राहून लगेच बोलायला सुरुवात केली. बघ कसं झटकन येतंय, बघ चक्रसुद्धा कसं हलकं फिरतंय, आधी कसं ओढत ओढत फिरायचं. ही पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या केसांत धूळ होती, शर्टाला धूळ होती आणि एक गुडघा मी हातात धरला होता.

"हो," ती म्हणाली. "फरक वाटतोय."

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, आणि कोणी चढवायची वाटही पाहिली नाही. त्याच संध्याकाळी मेहुण्याला फोन केला. ऑफिसात सांगितलं. टायपिस्टबाईंनी ऐकून घेतलं. मशीन आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं, असं पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी, पातं लवायचीही गरज नाही, असं सांगितलं. आपण स्वतः केलेल्या दुरुस्तीला घड्याळ लावून बघायचं नसतं, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ओतला, खुर्चीत नीट बसलो आणि कपाटाची हकीकत कुठपर्यंत आली होती ते मनात जुळवलं. आदल्या दिवशी मोठे साहेब स्वतः कपाटाला अडखळले होते. म्हणजे प्रकरण रंगात आलं होतं. ही आली, उभ्या उभ्या आपला कप उचलला आणि म्हणाली, "मी तिकडेच घेते. आता थांबायला नको ना. तुम्ही मशीन इतकं छान करून दिलंय."

आणि गेली. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटल्याचा आवाज आला.

मला तेव्हा कळलं. कप हातात धरून मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. मेहुण्याला हरवायच्या नादात मी बायकोलाच घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत पाठवून बसलो होतो. वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इकडे कपाट प्रकरणाने तर कमाल केली. साहेबांनी कपाट हलवायचा तोंडी हुकूम दिला, हेडक्लार्कनी लेखी मागितला, आणि ती लेखी मागणी माझ्याकडे आवक म्हणून आली. इतकं सगळं घडत होतं आणि सांगायला माणूस नव्हता. एकदा मी अर्धी हकीकत गॅसच्या शेगडीला सांगितली. शेगडी "मग?" म्हणत नाही.

मी काही प्रयत्न केले नाहीत असं नाही. नवी बिस्किटं आणून टेबलावर ठेवली. ही आली, दोन बिस्किटं बशीत घेतली आणि कप-बशी घेऊन गेली. एकदा मी माझा कप घेऊन तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. चाहूल लागताच तिने घाईघाईने पुढ्यातले कागद ओढले आणि पेन्सिल हातात घेतली. काम करणाऱ्या माणसाशी कपाटाबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं. मी परत फिरलो. मला वाईट वाटलं, आणि आपण काय गमावलंय ते गमावल्यावरच कळावं याचा रागही आला.

शेवटी मी ठरवलं, जे घातलं ते काढायचं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ही तपासलेली पानं द्यायला प्रकाशकाकडे गेली. दार बंद झालं की मी टेबलाखाली. नवी पट्टी काढली, जुन्या चष्म्याच्या घरात ठेवली आणि ते घर कपड्यांच्या खणात सरकवलं. (काढताना अजिबात त्रास झाला नाही. वस्तू बिघडवण्यात माझा हात पहिल्यापासून हलका आहे.) संध्याकाळी ही आली. रात्री जेवताना मी नेहमीपेक्षा जास्त प्रेमळ होतो, असं तिने बोलून दाखवलं.

सकाळी मी चहाचे दोन कप समोरासमोर ठेवले. तिची खुर्ची जरा बाहेर ओढून ठेवली. ती आली, कप उचलला आणि गेली.

मला वाटलं, बटण अजून दाबलं नसेल, आता चक्र बघून परत येईल. आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. उलट संध्याकाळी कुरकुर मात्र ऐकू यायला लागली. चित्रांची मोठी पानं उघडली की मशीन अडकून बसतं, दोन धडे एकदम उघडता येत नाहीत, आठवडाभर किती बरं चाललं होतं, आता काय झालं कोण जाणे, असं ती म्हणायची. मी मूग गिळून भात कालवत राहायचो. म्हणजे तिच्या कामाचा खोळंबा झाला होता आणि माझा चहाही परत मिळाला नव्हता. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात. मी तर शेंडीही कापून ठेवली होती.

आणि मग चहा पिता पिता मनात आलं की मशीनचा संबंधच नसेल. मेमरी असो, नसो, हिला माझ्यासमोर बसायचंच नसेल. मशीन लवकर सुरू होतं हे नुसतं निमित्त. मी कप ठेवला आणि सरळ मागच्या खोलीत गेलो, दार न वाजवता.

ही खुर्चीत मागे रेलून बसली होती. दोन्ही हातांत कप. समोर पडद्यावर चक्र फिरत होतं. ती त्या चक्राकडे बघत बसली होती, अगदी त्या रविवारी मेहुण्याने पाहिलं होतं तशी.

मला पाहून तिने पेन्सिलीकडे हात नेला, पण पेन्सिल लांब होती.

मी म्हणालो, "हे सुरू झालं नाही अजून?"

"होईल," ती म्हणाली. "होतंच आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. पट्टी काढली, चष्म्याच्या घरात ठेवली, खणात आहे. का काढली, तेही सांगितलं. ती चहाला समोर बसायची ते मला आवडायचं, मशीन भरभर सुरू व्हायला लागल्यावर ते बंद झालं, म्हणून काढली. हे वाक्य बोलायला मला मेमरी बसवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. टक असा आवाज या वेळी कुठूनच आला नाही.

तिने कप टेबलावर ठेवला.

"म्हणून ती चित्रांची पानं अडकतात होय," ती म्हणाली. "आज संध्याकाळी आधी पट्टी परत बसवा. काम करताना तिचा फार उपयोग होतो." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पण सुरू व्हायला ते पट्टी घातल्यावरही एवढंच रेंगाळत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून. त्यात काडीचा फरक पडला नव्हता."

"मग फरक वाटतोय असं का म्हणालीस?"

"तुम्ही गुडघा धरून उभे होतात," ती म्हणाली. "माझ्या भावाला फोन करून सांगितलंत, ऑफिसात सांगितलंत. आता मी रोज तुमच्यासमोर येऊन बसले असते तर मशीन अजून सुरू झालं नाही हे तुम्हाला दिसलं नसतं का? म्हणून इथे येऊन बसायला लागले."

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. म्हणजे इतके दिवस ही माझी लाज राखायला या खोलीत एकटी बसून चक्र बघत होती, आणि मी त्या खोलीत एकटा बसून शेगडीशी बोलत होतो. मला एकदम भरून आलं. तिचा हात धरावा असं वाटलं आणि मी तो धरलाही. तिने तो काढून घेतला नाही.

"आता लाज राखायची गरज नाही," मी म्हणालो. "उद्यापासून तिकडे ये. पूर्वीसारखी बस."

ती पडद्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"येईन की," ती म्हणाली. "पण खरं सांगू का? सुरुवातीचे दोन-चार दिवस तुमच्यासाठी बसले. नंतर... इथे फार शांत वाटतं हो."

कपाटाचं पुढे काय झालं हे तुला ऐकायचं नाही का, असं मी विचारलं. तिने फार प्रामाणिकपणे विचार केला आणि कोणतं कपाट असं विचारलं. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली की हां, ते होय, ते दारातलं, ऐकायचं आहे ना, ऐकायचंच आहे.

शेवटी तडजोड झाली. मी माझा कप घेऊन तिच्या खोलीत यायचं आणि या स्टुलावर बसायचं. मशीन सुरू होईपर्यंत जे बोलायचं ते बोलायचं, ती ऐकेल, "मग?" सुद्धा म्हणेल. चक्र थांबलं की मात्र मी तोंड बंद करून ऑफिसला निघायचं. मी आनंदाने कबूल झालो. त्या चक्राचा मला पूर्ण भरवसा होता. पट्टी घालून ते हललं नाही, पट्टी काढून ते हललं नाही, मेहुण्याने डबा म्हटल्यावरही त्याने गती वाढवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर ऐसपैस बसलो, हिने बटण दाबलं आणि मी कपाटाची हकीकत अगदी सुरुवातीपासून काढली. ते मुळात कोणत्या साली आलं असावं इथपर्यंत मी पोचलो असेन नसेन, तोच पडदा लख्ख उजळला. चक्र गेलं. सगळं हजर. हिने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि कामाला लागली. मला वाटलं योगायोग असेल. पण त्यानंतर रोज तसंच होतंय. मी एखाद्या दिवशी मुद्दाम गप्प बसून पाहिलं, तर चक्र पूर्वीसारखं निवांत फिरत राहतं. मी "आमच्या ऑफिसात" एवढं म्हणालो की मशीन तातडीने सुरू होतं.

तेव्हा जुन्या कॉम्प्युटरला जादा मेमरी बसवावी का, याचं माझं उत्तर असं: काम करताना मोठमोठी पानं अडकत असतील तर जरूर बसवा. पण तो नुसता लवकर सुरू व्हावा एवढीच इच्छा असेल, तर खर्चात पडू नका. मला बोलवा. हिने परवाच भावाला फोनवर सांगितलं, आता नवं मशीन नको म्हणून. यांना शेजारी बसवलं की चालतंय.